ओझं आहे, तर लिहूनही ठेवा: मंडळीतल्या सेवकांना लिहितं करताना

रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये एक ओळ येते: "मंडळीचा ब्लॉग सुरू होत आहे, लिहू इच्छिणाऱ्यांनी सेक्रेटरींकडे नावं द्यावीत." नावं येतात दोन. एकाला कविता छापून हव्या असतात, दुसऱ्याला उपदेश लिहायचा असतो. वर्षानुवर्षं बालवर्ग घेणाऱ्या ताई, न चुकता इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला जाणारे काका, उपासना संपल्यावर माइकच्या वायरी गुंडाळत बसणारा मुलगा, यांतलं कुणीच पुढे येत नाही. लिहिण्यासारखं असतं ते मात्र याच लोकांकडे.

ते पुढे येत नाहीत यात संकोच थोडा आणि गैरसमज जास्त. "लिहा" म्हटलं की लोकांना शाळेतला निबंध आठवतो, नाहीतर व्यासपीठावरचा संदेश. निबंध आपल्याला जमत नाही आणि संदेश देणं हे पाळकांचं, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचं, काम, असं म्हणून माणूस मोकळा होतो. आपल्याला हवं असतं तिसरंच काहीतरी: ज्या सेवेचं ओझं, म्हणजे मनापासूनची कळकळ, त्या माणसाला आहे, ती सेवा प्रत्यक्षात कशी चालते, कुठे अडते, नवख्याने काय करावं आणि काय टाळावं. हे सगळं त्याच्या डोक्यात असतं, कागदावर कुठेच नसतं. तो गाव बदलतो, आजारी पडतो किंवा थकून जातो, आणि त्याच्या जागी आलेला माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. मंडळीच्या ब्लॉगचं पहिलं काम हे ज्ञान उतरवून ठेवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. बातम्या आणि अहवाल नंतर.

एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिक असतो. डाव्या हाताने काय केलं ते उजव्या हाताला कळू नये, हे वचन जरा उलटसुलट होऊन पुढे केलं जातं. मत्तय 6:3 मध्ये उजवा हात दान करतो आणि डाव्याला ते कळू द्यायचं नसतं. मुद्दा माणसांकडून वाहवा मिळवण्यासाठी केलेल्या दानाचा आहे. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एक अध्याय आधी, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असंही आहे (मत्तय 5:16). दोन्ही एकत्र धरली तर लिहिणाऱ्याला एक चांगली कसोटी मिळते: लेख वाचून वाचक "हा माणूस किती करतो!" म्हणतो, की "हे मलाही करता येईल" म्हणतो? पहिलं म्हणत असेल तर लेख परत लिहावा. आक्षेप घेणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला ही कसोटी द्यावी. बरेचदा तोच पुढे सगळ्यात चांगला संपादक होतो.

सूचना नको, प्रश्न विचारा

सार्वजनिक आवाहन टाळा. एकेका माणसाकडे जा आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जा. "बालसेवेबद्दल काहीतरी लिहा ना" हा प्रश्न नव्हे. "नवीन शिक्षिका पहिल्या रविवारी वर्गात कुठे गडबडते?" हा प्रश्न. उत्तर लगेच सुरू होतं, थांबवावं लागतं. इस्पितळभेटीला जाणाऱ्याला विचारा, खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलता. गायकवृंद चालवणाऱ्याला विचारा, नवीन गीत मंडळीच्या तोंडी बसायला किती रविवार लागतात आणि आधी कोणता भाग शिकवता. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला विचारा, माइक शिट्टी मारतो तेव्हा सगळ्यात आधी हात कशाला घालता. शोकग्रस्त घरी जाणाऱ्याला विचारा, तिथे कोणती वाक्यं चुकूनही उच्चारत नाही. मध्यस्थी प्रार्थनेचा, म्हणजे इतरांसाठी प्रार्थना करणारा, गट चालवणारीला विचारा, प्रार्थनेची विनंती चहाडीत कधी बदलते आणि ती कशी थांबवता.

प्रश्नात "का" कमी आणि "कसं", "कधी", "किती" जास्त असू द्या. "ही सेवा तुम्ही का करता?" असं विचारलं की समोरचा साक्ष देतो, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगतो. साक्ष चांगलीच असते, पण ती सगळ्यांची साधारण एकाच साच्यात येते. "किती वेळ थांबता?" विचारलं की अनुभव बोलू लागतो: दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त थांबलं की रुग्ण थकतो पण भिडेपोटी जा म्हणत नाही, पलंगावर बसायचं नाही, प्रार्थना करू का असं विचारायचं आणि नको म्हटलं तर मनापासून बरं म्हणायचं.

बसायला अर्धा तास पुरतो. फोनवर ध्वनिमुद्रण करा, अर्थात विचारून. पंखा बंद, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, आणि खाली रुमाल, नाहीतर टेबलावर बोटं वाजवलेलीही ऐकू येतात. माणूस सावकाश बोलतो तेव्हा मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांच्या बोलण्यात हजारेक शब्द. त्यातून पाचशे-सहाशे शब्दांचा लेख आरामात निघतो. फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायची सोय असते आणि ती बऱ्यापैकी चालते, फक्त विरामचिन्हं बहुतेक हाताने घालावी लागतात, आणि बायबलमधली नावं हमखास चुकतात. हबक्कूक किंवा नहेम्या असेल तिथे डोळ्यांत तेल घालून पाहा.

"पण मग लेख त्यांचा कसा, लिहिला तर तुम्ही" असं कुणी म्हणेल. रोमकरांस पत्र पौलाने सांगितलं, उतरवून घेतलं तर्तियाने, आणि शेवटी त्याने आपल्या नावाने सलामही सांगितला (रोम. 16:22). ते पत्र पौलाचंच राहिलं. मंडळीत दोन-तीन असे उतरवून घेणारे तयार करा. तरुण संघातल्या मुलामुलींना हे काम आवडतं, आणि वयस्कर माणसांशी त्यांचं एरवी न होणारं बोलणं होतं. लेखाखाली दोन्ही नावं द्या: सांगणाऱ्याचं आणि शब्दांकन करणाऱ्याचं. आणि छापण्याआधी पूर्ण लेख सांगणाऱ्याला वाचून दाखवा. "हे मी असं म्हटलं नव्हतं" हे वाक्य आधी ऐकलेलं बरं.

अहवालाची भाषा मोडणं

पहिला मसुदा येतो तो जवळजवळ नेहमी असा:

"प्रभूच्या महान कृपेने बालसेवेचा वर्ग मोठ्या उत्साहात पार पडला. अनेक मुलांनी याचा लाभ घेतला. सर्व शिक्षकांनी अथक परिश्रम घेतले. देवाच्या नावाला गौरव असो."

यात चुकीचं काहीच नाही, आणि वाचकाच्या हातीही काहीच लागत नाही. हा मजकूर कोणत्याही मंडळीचा, कोणत्याही वर्षाचा असू शकतो. अशा वेळी मसुदा लाल शाईने भरू नका. प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा. वर्ग कोणत्या वयाचा? गोष्ट कोणती? कितव्या मिनिटाला चुळबुळ सुरू झाली? मग तीच शिक्षिका हे सांगते:

"चार ते सहा वर्षांची मुलं सलग सात-आठ मिनिटंच ऐकतात. म्हणून वादळ शांत केल्याची गोष्ट (मार्क 4:35-41) मी दोन तुकड्यांत घेते. आधी निळी चादर जमिनीवर पसरते, आठ मुलं कडा धरतात आणि हळूहळू हलवतात. नावेच्या मागच्या बाजूला येशू उशी घेऊन झोपला आहे असं सांगताना एका मुलाला खरी उशी देते. वादळ वाढतं तशी चादर जोरात. मी हात वर केला की सगळ्यांनी एकदम थांबायचं, हे आधीच दोनदा करून घ्यायचं. तो सराव केला नाही तर मुलं थांबत नाहीत आणि गोष्टीतला मुख्य क्षणच वाया जातो. चादर एकेरी नको, ती ताणून फाटते; डबल बेडची जुनी सुती चादर चांगली."

हे वाचून दुसऱ्या मंडळीतली शिक्षिका पुढच्याच रविवारी चादर घेऊन वर्गात जाईल. कृपा, गौरव, उत्साह हे शब्द गेले, पण त्या बाईंचं मुलांवरचं प्रेम कुठे कमी दिसत नाही. उशीचा तपशील चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कात आहे, हे वाक्य संपादकाने सुचवावं. असा बायबलमधला छोटा धागा लेखाला वजन देतो आणि उपदेशही वाटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. काही जण प्रत्येक परिच्छेदाला दोन-तीन वचनं जोडतात. वचन लेखाचा आधार असेल तर पूर्ण द्या, नुसता ठिगळासारखा लावलेला संदर्भ काढा. पाचशे शब्दांत एक-दोन वचनं पुष्कळ झाली. आणि एका लेखात एकच मुद्दा. इस्पितळभेटीच्या लेखात सेवेसाठी स्वयंसेवक हवेत, निधी हवा, पुढची सभा अमुक दिवशी, हे सगळं कोंबलं की मूळ गोष्ट बुडते. सूचनांना सूचनाफलक आहे.

मथळा लेखातल्या उपयोगावरून द्या. "बालसेवा: एक आव्हान" यापेक्षा "गोष्ट ऐकताना चुळबुळणाऱ्या मुलांसाठी एक चादर" हा मथळा शोधणाऱ्याला सापडतो आणि आठवतोही.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लेख लिहून घ्यायचा मोह आता सगळ्यांनाच होतो. शुद्धलेखन तपासून घ्यायला हरकत नाही. पण सेवेच्या लेखात मोलाचा असतो तो चादर फाटण्यासारखा तपशील, आणि तो यंत्राला ठाऊक नसतो; मग ते पुन्हा "मोठ्या उत्साहात"कडेच घेऊन जातं.

तपासणी कोणी आणि किती

लेख दोघांनी वाचावा. एकाने भाषा आणि स्पष्टता पाहावी, दुसऱ्याने, म्हणजे पाळकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या मंडळीतल्या वडीलजनांनी, शिकवण आणि गोपनीयता. तिसरा वाचक नको. कमिटीपुढे लेख ठेवण्याची पद्धत तर मुळीच नको. सात जणांनी एकेक विशेषण बदललं की लेखाचा आवाज जातो आणि तो अर्जासारखा वाचायला लागतो.

मुदत ठरवा: तीन दिवसांत उत्तर. पाळकांच्या टेबलावर तीन आठवडे पडून राहिलेला लेख म्हणजे पुन्हा कधीच न लिहिणारा लेखक. त्याला वाटतं, आवडला नसेल, पण सांगवत नाही. पाळकांना वेळ नसतो हे खरंच आहे, म्हणून त्यांच्याकडे लेख पाठवताना दोनच प्रश्न लिहून पाठवा: शिकवणीत काही चूक आहे का? कुणाचं खासगी काही उघडं पडतं का? शब्दरचनेवर मत मागूच नका. मागितलं की "मुलं चुळबुळतात" याचं "बालकांचे चित्त विचलित होते" होऊन येतं.

नकार द्यायची वेळ येते तेव्हा तोंडी द्या, फोनवर किंवा भेटून. आणि नकाराबरोबर पुढचा प्रश्न द्या: "हे छापत नाही, पण त्यात तुम्ही कैद्यांना पत्र लिहिण्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात, त्यावर लिहाल का?"

दुसऱ्याच्या दुःखावर लेख उभारू नये

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे, आणि होतं ते चांगल्या हेतूने. सेवा म्हणजे माणसं, आणि माणसांच्या गोष्टी लेखाला जिवंत करतात, त्यामुळे लिहिणारा सहज लिहून जातो: "एका तरुण विधवेला दारूच्या व्यसनातून..." नाव दिलेलं नसतं. पण दीडशे माणसांच्या मंडळीत तरुण विधवा किती असतात? पुढच्या रविवारी त्या बाई उपासनेला येत नाहीत, आणि का ते कुणालाच कळत नाही.

नाव बदलणं पुरेसं नाही. वय, नातं, आजार, महिना यांतल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की ओळख पटते. सोपा आणि पक्का उपाय असा की गोष्ट सेवा घेणाऱ्याची सांगूच नये, सेवा करणाऱ्याच्या कृतीची सांगावी. "रुग्ण रडायला लागला तर मी बोलणं थांबवते, पाणी पुढे करते, आणि शांत बसते" यात एकाही रुग्णाची ओळख नाही आणि शिकण्यासारखं सगळं आहे. एखाद्याची गोष्ट खरोखर सांगायचीच असेल तर तयार लेख त्याला दाखवून लेखी संमती घ्या, आणि नंतर कधीही काढून टाकता येईल हे त्यालाच सांगा. समुपदेशनात किंवा पाळकांपाशी बोललेलं काहीही, संमती मिळाली तरी, ब्लॉगवर नको असं मी म्हणेन. दुःखात असलेला माणूस भिडेपोटी हो म्हणतो.

प्रार्थनेच्या विनंत्या सार्वजनिक लेखात टाकू नका. आजाराचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख, परीक्षेतलं अपयश, या गोष्टी प्रार्थना गटापुरत्या सांगितलेल्या असतात. शोधयंत्रात त्या वर्षांनुवर्षं सापडत राहतात. एखाद्याने नुकताच विश्वास स्वीकारला असेल आणि घरच्यांना माहीत नसेल, तर एका फोटोनेही त्याच्यावर संकट येऊ शकतं. तुरुंगातल्या सेवेबद्दल लिहिण्याआधी त्या तुरुंगाचे नियम पाहावेच लागतात, अन्यथा पुढच्या भेटीची परवानगी जाते.

मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत, हा नियम फलकावर लावा. संमती असली तरी चेहरा, पूर्ण नाव आणि वर्गाची जागा-वेळ या तीन गोष्टी एकत्र देऊ नका. चांगला पर्याय हातांचा: चादर धरलेले हात, रंग लागलेली बोटं, पाठमोरी मुलं. आणखी एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलीत फोटो काढल्याची जागा आणि वेळ साठलेली असू शकते. ती चढवण्याआधी काढून टाका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. फोटो छान दिसावा म्हणून लोक मुद्दाम डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, तिथेच घोटाळा होतो.

पैशांचं आवाहन लेखकाने आपल्या मनाने करू नये. खजिनदाराच्या संमतीशिवाय एकही खाते क्रमांक लेखात जाता कामा नये, सेवकाचा वैयक्तिक तर नाहीच.

हक्कांबद्दल थोडक्यात. पवित्र शास्त्राच्या बऱ्याच भाषांतरांचे हक्क प्रकाशकांकडे असतात. पुस्तकाच्या सुरुवातीच्या हक्कपृष्ठावर किती वचनं परवानगीशिवाय उद्धृत करता येतात ते अनेकदा लिहिलेलं असतं. लेखात दोन वचनं दिली तर सहसा अडचण येत नाही, फक्त भाषांतराचं नाव द्यावं. गीतांचं मात्र वेगळं आहे. उपासनेत पडद्यावर ओळी दाखवायचा परवाना असला तरी तेवढ्याने पूर्ण गीत ब्लॉगवर टाकायचा हक्क मिळत नाही. गीताचं नाव आणि कवीचं नाव द्या, फार तर एखादी ओळ. इंटरनेटवर सापडलेलं चित्रही तसंच. सापडलं म्हणजे फुकट असं नाही.

यंत्रातले खड्डे

वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या प्रणालीवर ब्लॉग असेल तर लेखकांना कोणती भूमिका देता ते पाहा. काँट्रिब्युटर दिली की त्याला लेख लिहून तपासणीसाठी पाठवता येतो, स्वतः प्रसिद्ध करता येत नाही; मंडळीला हेच हवं असतं. पण काँट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाहीत, आणि एकदा लेख प्रसिद्ध झाला की तो स्वतःच्या लेखातली चूकही दुरुस्त करू शकत नाही. हे आधी सांगितलं नाही तर "माझ्या खात्यात काहीतरी बिघाड आहे" असे फोन येत राहतात. फोटो संपादकाकडे पाठवायचे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. गुगलच्या ब्लॉगर सेवेत मधली पायरी नाही. तिथे लेखक म्हणून जोडलेला माणूस थेट प्रसिद्ध करू शकतो. तिथे तपासणी हवी असेल तर लेख सामायिक दस्तावेजात मागवून संपादकानेच चढवावा.

मला विचाराल तर सत्तरी ओलांडलेल्या सेवकांना खातंच देऊ नका. त्यांनी बोलावं, दुसऱ्याने चढवावं. पासवर्ड विसरण्यात त्यांचा उत्साह जायला नको.

मुख्य खातं मात्र कुणा एकाच्या खासगी ईमेलवर नको. दोन प्रशासक असावेत, ईमेल मंडळीचा असावा, आणि डोमेनच्या, म्हणजे ब्लॉगच्या इंटरनेटवरच्या नावाच्या, नूतनीकरणाची तारीख खजिनदाराच्या वहीत असावी. तंत्र सांभाळणारा तरुण नोकरीसाठी बाहेर गेला आणि डोमेनच्या मुदतीची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिली, अशाने ब्लॉगच्या ब्लॉग बंद पडतात.

देवनागरीत लिहिताना तीन गोष्टी नेहमी अडवतात. पहिली, जुने मजकूर. मंडळीच्या मासिकाच्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील तर चिकटवल्यावर अगम्य चिन्हं दिसतात, कारण त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतपद्धतीत, नाहीत. परिवर्तक वापरून त्या युनिकोडमध्ये आणता येतात, पण नंतर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागते. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, त्यामुळे परिवर्तनात ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

दुसरी, लेखाचा पत्ता. मराठी मथळ्यावरून आपोआप बनणारा पत्ता कॉपी केला की त्यातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे बावीस-तेवीस चिन्हांतच पत्ता तुटतो, आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात हे धरलं तर तीन-चार शब्दांतच. अशी लांबलचक माळ व्हॉट्सॲपवर पाठवली की लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. प्रसिद्ध करण्याआधी पत्ता रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा, हाताने लिहा. नंतर बदलू नका, आधी पाठवलेल्या लिंका मोडू शकतात.

तिसरी, फोटोंचं वजन. फोनचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. बाराशे पिक्सेल रुंदीचा करून दोनशे केबीच्या आसपास आणा. मंद नेटवर्कवर वाचणाऱ्यासाठी याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. आणि फोटोला वर्णन लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. "आयएमजी" आणि आकडे ऐकून कुणाला काय कळणार?

प्रतिक्रिया चालू ठेवायच्या असतील तर प्रत्येक नव्या माणसाची पहिली प्रतिक्रिया मंजुरीनंतरच दिसावी. कुणी प्रतिक्रियेत आपली अडचण उघडपणे लिहिली तर ती प्रसिद्ध न करता त्या माणसाशी खासगीत बोला.

पहिले चार लेख हातात आल्याशिवाय सुरुवात नको

ब्लॉग बहुधा तिसऱ्या-चौथ्या लेखानंतर थांबतो. कारण साधं असतं: उत्साहात दोन लेख आले, दोन्ही एकाच आठवड्यात टाकले, मग महिनाभर काहीच नाही. म्हणून चार तपासलेले लेख हाताशी आल्यावरच पहिला टाका, आणि पंधरा दिवसांना एक हा वेग धरा. सहा लेखक असले तर प्रत्येकाची पाळी बारा आठवड्यांनी येते. तेवढं बहुतेकांना झेपतं. बोलणं ऐकणं, शब्दांकन, वाचून दाखवणं, फोटो, तपासणी धरून एका लेखामागे सगळ्यांचे मिळून तीन-चार तास जातात. हे कमिटीला आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर "त्यात काय, लिहून टाकायचं" हे ऐकावं लागतं.

पाळी आखताना मंडळीचं वर्ष समोर ठेवा. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांत, बालवर्गाची शिक्षिका आणि गायकवृंदाचा प्रमुख दोघेही नाताळच्या तयारीत बुडालेले असतात; त्यांचे लेख त्याआधी दोन महिने घ्या, म्हणजे इतर मंडळ्यांनाही वेळेवर उपयोगी पडतात. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांत, शोक आणि आजारपणाच्या सेवेवरचे लेख जास्त वाचले जातात. पुनरुत्थानाच्या रविवारनंतरचा (ईस्टरनंतरचा) शांत काळ ध्वनिव्यवस्था, फुलं, स्वच्छता, हिशेब अशा न दिसणाऱ्या सेवांसाठी चांगला.

लेख पोहोचवायला व्हॉट्सॲपच लागतं, पण पूर्ण लेख तिथे चिकटवू नका. दोन ओळी आणि लिंक. त्या दोन ओळी लेखाच्या सुरुवातीतून न उचलता वेगळ्या लिहा: "मुलं सात मिनिटांनी चुळबुळ करतात? एक जुनी चादर शोधून ठेवा." ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल तर लक्षात ठेवा, एका यादीत 256 जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. "मला येतच नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं कारण हेच असतं.

वाचकांचा आकडा लेखकाला सांगताना जपून. चाळीस जणांनी वाचलं हे ऐकून माणूस खट्टू होतो. त्याऐवजी वाचकांना विचारा, यातलं कुणी काय करून पाहिलं, आणि ते उत्तर लेखकापर्यंत पोहोचवा. ध्वनिव्यवस्थेच्या लेखात कॉलर माइक हनुवटीच्या वीतभर खाली लावा असं लिहिलं होतं आणि दुसऱ्या मंडळीत तसं लावल्यावर शब्द स्पष्ट आले, एवढं एक वाक्य त्या मुलाला पुढचा लेख लिहायला पुरतं.

वर्षातून एकदा जुने लेख लेखकांनाच परत वाचायला द्या. सेवा बदलते: इस्पितळाच्या भेटीच्या वेळा बदलतात, वर्गातली मुलं मोठी होतात, पूर्वी चालणारी पद्धत आता चालत नाही. बदल मूळ लेखातच करा आणि खाली तारखेसह "सुधारणा" अशी ओळ घाला. संमती दिलेल्या कुणी आपला फोटो किंवा गोष्ट काढायला सांगितली तर कारण न विचारता त्याच दिवशी काढा, आणि फाइल माध्यमसंग्रहातूनही काढा. नुसता लेखातून काढलेला फोटो त्याच्या थेट पत्त्यावर दिसतच राहतो.